मागणीची कॉफी

सीबच्या बाजारातून आणलेली सुरमई कापत मी ओट्याशी उभी होते, तेव्हा वरच्या मजल्यावरची मुनिबा दारात आली आणि म्हणाली, "उम्म लॉईड, माझ्या नुमानसाठी सफियाला मागणी घालायला जायचंय. तू पुढे हो."

उम्म लॉईड म्हणजे लॉईडची आई. अरबांत बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. माझं नाव क्लोटिल्डा, पण ते घेताना इथे आखातात, अल हैलमध्ये, भल्याभल्यांची जीभ अडखळते, त्यापेक्षा हे बरं. माझ्या सुनेने एवढ्या मानाने मला कधी हाक मारलेली नाही.

"आधी हात धुऊ दे," मी म्हणाले. "मासळीच्या हाताने लग्नाचं बोलणं ऐकत नाहीत."

हे सगळं आम्ही कुठल्या भाषेत बोललो ते विचारू नका. नवऱ्याबरोबर, बेंजामिनबरोबर, मी इथे आले तेव्हा लॉईड मांडीवर होता, आता त्याचे केस गळतायत. एवढ्या वर्षांत बाजारापुरती अरबी शिकले. मुनिबा वरून भांडी मागायला यायची तेव्हा थोडी हिंदी शिकली. उरलेलं हातांनी. मी ते इथे मराठीत सरळ करून लिहितेय एवढंच.

मुनिबा गाझाची. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी कैरोला गेली आणि मागे लढाई सुरू झाली. परत जायचं दार बंद झालं. मुलगा नुमान इथे अझैबाला, आमच्या लॉईडच्याच ऑफिसात, त्याने आईला बोलावून घेतलं. डोळे साफ झाले, आणि त्या साफ डोळ्यांनी तिने फोनवर आपली गल्ली पडलेली पाहिली. दोन भाऊ घरासकट गेले. बहीण समुद्राकाठी तंबूत आहे, फोन लागला तर लागतो. मुनिबा हे रडून सांगत नाही. भाजी महागली हे सांगावं तसं सांगते, आणि ऐकणाऱ्याला खुर्ची शोधावी लागते.

"मागणीला तर तुमच्यात पुरुष जातात ना?" मी विचारलं.

"कुळातले जाणते जातात. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी दोन बसगाड्या भरल्या होत्या. त्याच्या आधी बायका जाऊन अंदाज घेतात." तिने बोटं उघडून दाखवली. रिकामी. "माझ्याकडे ना ते, ना या. पुढे पिकल्या केसांचं माणूस लागतं. तुझे माझ्यापेक्षा पांढरे आहेत."

"ते उन्हाने झालेत."

"आणि तुझी जीभ?"

"ती आईकडून."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून मी हो म्हटलं. मग तिने मला खुर्चीवर बसवून रीत शिकवली, शाळेत कधी कुणी शिकवलं नसेल इतकी कडक. त्यांच्या घरी गेलं की कॉफी येते. आपल्यापुढे ठेवतात. हात लावायचा नाही. वडील माणसाने कप तसाच ठेवायचा आणि बोलायचं, आम्ही तुमच्याकडे असं असं मागायला आलो. मुलीचा बाप म्हणाला, 'कॉफी प्या, आलात ते मिळालं,' की मग प्यायची.

"आणि नाही म्हणाला तर?"

"सहसा म्हणत नाही. पाहुणा कॉफी तशीच टाकून उठला तर त्या घराची अब्रू जाते. लोक बोलतात."

"आणि बापाने सांगायच्या आधीच मी पिऊन टाकली तर?"

मुनिबाने कपाळाला हात लावला. "तर काय, तू कॉफी प्यायला आली होतीस. मागणं संपलं. पुन्हा तोंडाने काढता येत नाही. पण एवढी अडाणी कोण असेल?"

आमच्या वसईला उलट. पुढे ठेवलेला चहा निवू दिला तर घरची बाई लेंटचे उपास संपेपर्यंत बोलणार नाही. मी मनात घोकलं, क्लोटिल्डा, हात मांडीवर.

संध्याकाळी जेनेटला, म्हणजे सुनेला, कळलं तेव्हा तिने मोबाईल खाली ठेवला, यावरूनच समजा. "मम्मी, तुम्ही? तुम्ही तिकडे काहीतरी बोलून बसाल."

"बोलायलाच नेतायत."

"सेन्सिटिव्ह मॅटर आहे, मम्मी. त्यांचं पेपर्सचं खूप कॉम्प्लिकेटेड असतं. लॉईड, सांग ना तू."

लॉईड आमटीत मान घालून जेवत राहिला. तो बापावर गेलाय.

मला वाटलं, कागदांचं काय एवढं? आमचेही कागदच आहेत. माझं इथलं राहणं लॉईडच्या नोकरीवर. उद्या त्याला खलास म्हणाले तर मी बॅग भरून वसईला. वाडीत विहीर आहे, केळी आहेत, दीर कुरकुरत का होईना, दार उघडेल. हा विचार मी इतक्या सहज केला की मला तेव्हा त्यात काही दिसलंच नाही.

सफियाचं नुमानशी जमलं ते असं. तिचा बाप सीबच्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. आईच्या डोळ्यांचे थेंब घ्यायला नुमान तिथे जायचा. मग बापाच्या छातीचं ऑपरेशन झालं, आणि त्याची देखभाल करायला मुलगी येरुशलेमहून आली, दुपारी दुकानात डबा द्यायला यायला लागली. मुनिबाचे थेंब बंद झाले, तरी नुमानचं दुकानात जाणं बंद झालं नाही.

येरुशलेम. मी तिथे जाऊन आलेय. लढाईच्या आधी आमच्या पॅरिशची टूर गेली होती, फादर आणि आम्ही बस भरून बायका. ऑलिव्हच्या लाकडाची रोजरी, जपाची माळ, तिथलीच, रोज हातात असते. मुनिबाला मी हे पूर्वी एकदा सांगितलं होतं. गाझाहून येरुशलेम म्हणजे वसईहून पुण्याइतकंही लांब नाही. ती जन्मात गेली नव्हती. नाक्यावरचे सैनिक सोडत नाहीत.

"कशी आहे?" तिने विचारलं होतं.

जगातलं सगळ्यात पवित्र शहर, आणि मला काय आठवावं? "चढ फार आहे," मी म्हणाले. "गुडघे दुखतात."

ती ते कुणाकुणाला सांगायची. येरुशलेमला चढ फार आहे.

शुक्रवारी चारच्या सुमाराला निघालो. मुनिबाने आपल्या गावचा भरतकामाचा काळा झगा घातला होता, छातीवर लाल टाके. तो अंगावर होता म्हणून वाचला, कैरोला जाताना घातलेला. त्या टाक्यांवरून बघणाऱ्याला कळतं म्हणे, बाई कुठल्या गावची. गाव आता टाक्यांतच आहे. मी माझी नाताळची साडी नेसले. गाडी नुमान चालवत होता. मी त्याच्याकडे बघितलं. मुलाच्या अंगात ऑफिसचा शर्ट, कोपरावर चुरगळलेला. मागणीच्या दिवशी!

"इस्त्री बंद पडली काय रे?"

"मी गाडीतच बसणार आहे, आंटी," तो म्हणाला. आरशात त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सफियाचं घर सीबला, जुन्या बाजाराच्या मागे. बाप दारापर्यंत आला, भिंतीला धरत. दुकानात मल्याळी आणि मुंबईच्या माणसांबरोबर आयुष्य काढल्याने हिंदी चांगली बोलायचा. मला सिस्टर म्हणाला. बसवलं. मुलीने कॉफी आणली. उंच, नाकेली पोरगी, केसांना रुमाल. ट्रे अजिबात हलला नाही. एक कप माझ्यापुढे, एक मुनिबापुढे, एक बापापुढे. वेलचीचा वास आला. मी हात मांडीवर ठेवले.

बापाने माझ्या हातांकडे बघितलं. मग कपाकडे. समजला. चेहरा उतरला त्याचा.

मी घोकलेलं बोलले. "आम्ही मोठं मागणं घेऊन आलो. आमचा मुलगा नुमान, शिकलेला, नोकरीला, दारू नाही, सिगारेट एखादी असेल. त्याच्यासाठी तुमची सफिया मागतो. तुम्ही हो म्हणेतोवर ही कॉफी घशाखाली उतरत नाही."

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. मुनिबाने मान हलवली, म्हणजे बरं झालं असावं.

बाप म्हणाला, "सिस्टर, तुम्ही येरुशलेमला गेलात ना? कुठल्या दरवाजाने आत शिरलात?"

मी काय सांगणार? फादरची छत्री दिसेल तिकडे आम्ही चालत होतो.

"तिथून आत, बाजाराच्या वर, आमच्या दोन खोल्या आहेत. माझी आई राहते. पंच्याऐंशीच्या पुढे आहे. आमच्यावरच्या मजल्यावर त्यांचे लोक घुसले, झेंडा लावला, जिन्यात जाळी लावली. आता खालच्या दोन खोल्यांवर डोळा आहे. केस चालूच असते." तो मधे दम खायला थांबला. "आमच्या गावात, सिस्टर, जन्मलात म्हणून तुम्ही तिथले होत नाही. एक कार्ड असतं. बाहेर राहायला लागलात की विचारतात, तुझं आयुष्य कुठे आहे? लाईट-बिल दाखव, पोरांची शाळा दाखव. मी पोटासाठी इथे राहिलो, माझं कार्ड गेलं. मुलगा शिकायला गेला, तिकडेच नोकरी धरली, त्याचं गेलं. आता एकटी सफिया उरली. आजीजवळ वाढली ती त्यासाठीच. ईद झाली की तिला परत जायचंय."

"मग नुमानही जाईल," मी म्हणाले. "घरजावई होईल. आमच्यात होतात."

मुनिबाने माझा गुडघा दाबला. बाप हसला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"गाझाचा कागद आहे त्याचा. त्या कागदावर तो चंद्रावर जाईल, सिस्टर, येरुशलेमला नाही. तुम्ही उद्या तिकीट काढून जाल, फुलं वाहाल, पाण्याची बाटली भरून आणाल. तो नाही."

माझी रोजरी साडीच्या पदरात होती. मी मूठ घट्ट केली. का ते माहीत नाही. कुणी मागितली नव्हती.

"बरं, मग दोघं इथे राहतील," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काय त्या दोन खोल्या घेऊन बसलात? पोरीपेक्षा भिंती मोठ्या?"

"ती इथे राहिली की कार्ड गेलं. आई डोळे मिटेल त्या दिवशी घरात आमचं कुणी नसेल. वरचे खाली उतरतील. खलास." त्याने कपाकडे बघितलं. "माझा बाप त्या खोलीत जन्मला. त्याचा बापही. भिंती मोठ्या नाहीत, सिस्टर. पण आमच्याकडे आणखी काय आहे?"

माणसं मला क्वचित गप्प करतात, त्याने केलं. तहान लागली होती आणि समोरच्या कपाला हात लावायचा नव्हता, म्हणून पाणी मागितलं. आतून सफियाने हाक मारली, "आंटी, इकडे या, गार देते."

स्वयंपाकघर एवढंसं. पोरीने ग्लास भरला आणि माझ्या हातात न देता स्वतःच धरून उभी राहिली.

"बाबा आता हो म्हणतील," ती हळू म्हणाली. हिंदी तिची बापासारखीच, थोडी तुटकी. "गाझाच्या बाईला आज कुणाच्याने नाही म्हणवत नाही. तिने दोनदा हात धरला की बाबा कॉफी प्या म्हणतील."

"मग बरंच आहे की! तुला तो नको?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली.

"बाबा हो म्हणाले तर मी पण हो म्हणेन, आंटी. मला नाही म्हणता येणार नाही. नुमानलाही येत नाही. तो आईला जाऊ नको म्हणाला, तिने ऐकलं नाही." मग म्हणाली, "माझी आजी दर आठवड्याला माझे शर्ट धुते. मी इथे आहे, शर्ट तिथे कपाटात, कुणी घातलेले नाहीत. तरी कपाटातून काढते, धुते, गच्चीच्या दोरीवर वाळत घालते. वरच्यांना वाटावं पोरगी घरात आहे. तिला धड उभं राहता येत नाही. खुर्चीवर चढून चिमटे लावते."

पाण्याचा ग्लास तिच्याच हातात राहिला होता.

"तुम्ही काहीतरी करा, आंटी. तुम्ही आमच्यातल्या नाही. तुम्हाला माफ आहे. आणि हे त्यांना सांगू नका. नुमानला कळलं मी नको म्हणाले, तर तो का म्हणून विचारायला एक फोन करेल. त्याने फोन केला तर मी आजीकडे परत जाणार नाही."

मी ग्लास घेतला, प्यायले, बाहेर आले. मला विचार करायला वेळ मिळाला असता तर काय केलं असतं, देव जाणे. वेळ नव्हता.

बाहेर मुनिबाने बापाचा हात दोन्ही हातांत धरला होता. ती रडत नव्हती. ती म्हणत होती, "माझ्याकडे भिंत राहिली नाही, कौल राहिलं नाही. भावांचं नाव चालवायला पोरं राहिली नाहीत. मला एक घर पुन्हा मांडू दे. तू बाप आहेस. मला दे." बापाचे डोळे भरले होते. त्याने मान वर केली, तोंड उघडलं, आणि दुसरा हात कपाच्या दिशेने आला, पाहुण्याला प्या म्हणताना येतो तसा.

मी उभ्याउभ्याच माझा कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

गार झाली होती. कडू, साखर नाही. तळाचा गाळही गेला घशात.

"छान आहे," मी मोठ्याने म्हणाले. "वेलची जरा जास्त पडलीय."

बापाने हात मागे घेतला. माझ्याकडे बघत राहिला, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला काय समजलं, किती समजलं, मला माहीत नाही. "सहतैन," तो म्हणाला. म्हणजे अंगी लागो. मग त्याने आपला कप उचलला आणि विचारलं, "ऊन कसं आहे यंदा अल हैलला?"

"आहे आपलं," मी म्हणाले. आणि आम्ही दोघं उन्हावर बोललो. मुनिबाचा कप तसाच होता. पण पुढची मी होते, मोजायचा तो माझाच कप.

जिन्यात तिने मला धरू दिलं नाही. गाडीत बसल्यावर आपल्या भाषेत मुलाला काहीतरी सांगितलं. त्याने डोकं स्टिअरिंगवर टेकवलं आणि थोड्या वेळाने गाडी सुरू केली. सिग्नलला थांबलो तेव्हा ती माझ्याकडे वळली. "एवढं एक सांगितलं होतं. एवढं एक. जाहिला."

तो शब्द मला माहीत होता. अडाणी. मला आजवर कुणी तोंडावर अडाणी म्हणालेलं नाही. सासूने एकदा प्रयत्न केला होता, तिला मी पुरून उरले. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "सवय गं. पुढ्यात ठेवलं की पिते."

घरी जेनेट म्हणाली, "आय न्यू इट, मम्मी." लॉईडने पहिल्यांदाच जेवताना मान वर केली. आठवड्याभरात चर्चमध्येही पोचलं. वसईकडच्या बायका मिस्सानंतर मला विचारायच्या, "काय गं क्लोटिल्डा, कॉफी घेणार?" आणि खिदळायच्या. इतरवेळी मी एकेकीच्या सुनेचा, नवऱ्याचा, सोन्याचा इतिहास काढला असता. मी म्हणायचे, "घेईन की."

ईद झाली, सफिया गेली. एकदा तिच्या बापाच्या दुकानात बामसाठी गेले, तेव्हा तो आपणहून बोलला. पोरगी पोचली. आजीने तिला ओळखलं, म्हणजे त्या दिवशी ओळखलं, रोज ओळखत नाही. केसची तारीख पुन्हा पुढे गेली. वरच्यांनी आता खालच्या जिन्यालाही लोखंडी दार बसवलंय, रात्री बंद करतात. गच्चीवर जाऊ देत नाहीत. म्हणजे दोरी पण गेली.

"मग कपडे कुठे वाळवतात?" मी विचारलं.

"आत," तो म्हणाला.

मुनिबाने भांडी मागायला येणं बंद केलं. दुपारी तिच्याकडून कॉफीचा वास जिन्यातून खाली यायचा. मी दार उघडं ठेवायचे आणि तिने ते बघून न बघितल्यासारखं करून लिफ्टने जायचं. मग नुमानला दुसऱ्या शहरात, सोहारला, नोकरी लागली. सामान खाली आलं. जायच्या दिवशी ती माझ्या दारात उभी, हातात माझा कुकर, कधीचा नेलेला. घासून लख्ख केलेला.

"ये, बस," मी म्हणाले. आली. बसली. तोच झगा. मी कॉफी केली, तिच्यासारखी, वेलची घालून, साखर नाही. तिच्यापुढे ठेवली.

तिने हात मांडीवर ठेवले.

मी बघत राहिले. सुरुवातीला मला वाटलं, गरम असेल. मग समजलं. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, ती मागायला आली होती.

"उम्म लॉईड," ती म्हणाली. "त्या दिवशी तू पाणी प्यायला आत गेलीस. माझी मागणी तोंडावर होती आणि तू आतून आलीस ती कप उचलत. तू एवढी अडाणी नाहीस. मला माहीत आहे, मी तुला वर्षभर बघतेय. पोरगी आत काय म्हणाली? मला तेवढं सांग. मी दुसरं काही मागत नाही."

खाली नुमानने हॉर्न वाजवला. एकदाच.

तिचे साफ केलेले डोळे माझ्यावर होते. सांगितलं असतं तर तिचं मन हलकं झालं असतं, माझंही. तिने मला मिठी मारली असती कदाचित. आणि खाली जाऊन तिने मुलाला सांगितलं असतं, कारण आई आहे ती. आणि मुलाने फोन केला असता.

"काय म्हणणार?" मी म्हणाले. "गार पाणी देऊ की साधं, विचारलं. मी गार घेतलं."

ती आणखी थोडी बसली. मग उठली, झगा सारखा केला, माझ्या गालाला गाल लावला, रीत म्हणून, आणि गेली.

जेनेट ऑफिसहून आली तेव्हा कप टेबलावरच होता, वर साय धरल्यासारखा थर आलेला. "मम्मी, हे कुणाचं?" म्हणत तिने तो सिंककडे न्यायला उचलला.

"ठेव तिथेच," मी म्हणाले.